आखूड बेसच्या तारा

इंदिरानगरमध्ये भाड्याची खोली शोधत होते, तेव्हा घरमालक काय काय विचारतील याची मी तयारी करून ठेवली होती. नोकरी कुठे, गाव कोणतं, मांसाहार करता का, लग्नाचं काय. एका बंगल्याच्या पायरीवर बसलेल्या गृहस्थांनी यातलं एकही विचारलं नाही. त्यांच्या मांडीवर गिटार होती आणि हातात सुताराचा टेप. मी वरच्या खोलीची चौकशी केली. ते म्हणाले, "इकडे ये. हे टोक धर."

मी टेपचं टोक धरलं. त्यांनी दुसरं टोक ओढलं.

"किती भरतंय?"

"तीस इंच."

"तीसच ना? दुकानदार म्हणतो चौतीस. आता टेप खोटा का दुकानदार खोटा?"

"दुकानदार," मी म्हणाले.

खोली मला मिळाली. माझं आडनाव त्यांनी मी राहायला आल्यावर, पाण्याच्या टाकीबद्दल बोलताना विचारलं.

काका ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात होते. दुसऱ्यांनी केलेल्या कामातली चूक शोधायची आणि त्याचा पगार घ्यायचा, अशी ती नोकरी. बहुतेक लोक हे काम फुकट करतात. भाग मापात नसला की त्याला लाल चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर 'नापास' लिहायचं आणि खाली कारण. निवृत्त होताना उरलेल्या लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा ते घरी घेऊन आले आणि घरात काम सुरू ठेवलं. बेसिनच्या नळाला लाल चिठ्ठी होती, कारण: गळती. काकूंच्या एका झाऱ्याला होती, कारण: दांडा हलतो. मी माझ्या खोलीत लावलेल्या घड्याळालाही एका रविवारी चिठ्ठी लागली. काकू या चिठ्ठ्यांना हात लावत नसत. झारा चिठ्ठीसकट वापरायच्या.

निरोप समारंभाच्या आधी सहकाऱ्यांनी त्यांना विचारलं, काय भेट देऊ. असं विचारण्याची पद्धत असते आणि त्यावर 'कशाला उगीच' असं म्हणायची पद्धत असते. काकांनी बेस गिटार मागितली. वर्गणी काढणाऱ्यांचं तोपर्यंत गणपतीच्या चांदीच्या फ्रेमवर एकमत झालं होतं. पण मागितलीच, म्हणून द्यावी लागली. बेसच का, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "आयुष्य इंजिनाच्या आवाजात गेलं. वरचे सूर मला अजून ओळखू येत नाहीत. खालचे येतात."

आता काका उंचीला कमी, हात त्याहून कमी. नेहमीच्या मापाची, म्हणजे चौतीस इंच तारेची बेस त्यांच्या गळ्यात घातली तर टोकाच्या खुंट्यांपर्यंत हात जाईना आणि आठवड्याभरात खांदा धरला. मग त्यांनी ती बदलून तीस इंची, आखूड मापाची घेतली. इथून पुढचं सगळं त्या आखूड मापामुळे घडलं.

हे आखूड माप म्हणजे काय, ते काका कोणालाही समजावून सांगत. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला, मतदार यादी घेऊन आलेल्या शिक्षिकेला, मला तर कितीदा तरी. तार आखूड झाली की तोच स्वर लावायला ताण कमी लागतो. ताण कमी झाला की तार सैल राहते आणि गिटारीच्या पट्ट्यांवर आपटून भणभणते. विशेषतः सगळ्यात जाड तार. "ती जाड तार," काका म्हणत, "वरातीत नाचणाऱ्या नवऱ्याच्या मित्रासारखी असते. तिला आपण कुठे आहोत याचं भान नसतं." म्हणून आखूड बेसला तारा जरा जाड हव्यात आणि त्या मुळात आखूड मापासाठीच बनवलेल्या हव्यात. हे सगळं खरं होतं, हे मी नंतर तपासून पाहिलं. त्यांचं म्हणणं सहसा खरंच असायचं, ही त्यांच्यासोबत राहण्यातली मोठी अडचण होती.

मेनरोडच्या वाद्यांच्या दुकानात अशा तारा नव्हत्या. दुकानदार म्हणाला, "काका, बेसच्या तारा म्हणजे बेसच्या तारा. लांब झाल्या तर कापायच्या. पायजमा नाही का आपण आखूड करून घेत?" आणि काकांनी 'थांबा' म्हणेपर्यंत त्याने पक्कड चालवली. बेसच्या तारेत आत एक सरळ तार असते आणि तिच्यावर दुसरी घट्ट गुंडाळलेली असते. आधी न वाकवता कापली की वरची सुटते. ती सुटली. काका ती तार घरी घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली, तेव्हा तिचं टोक शाळेतल्या वहीच्या निघालेल्या स्प्रिंगसारखं दिसत होतं. काकूंनी तिच्याकडे बघितलं आणि वाढायला घेतलं. काकांनी चिठ्ठी बांधली. कारणाच्या जागी दुकानदाराचं नाव लिहिलं.

तारेचं एक टोक बारीक असतं आणि त्यावर रंगीत रेशमी धाग्याचं वेष्टण असतं. हे बारीक टोक खुंटीला गुंडाळायचं. लांब तार आखूड गिटारीला लावली की बारीक टोकाऐवजी जाड भागच खुंटीवर येतो, वळत नाही आणि मग तुटतो. काकांच्या मनात आलं की तारेचा जाड भाग आपणच घासून बारीक करावा आणि त्यावर रेशीम गुंडाळावं. मी येवल्याची. माझ्या मामाकडे पैठणीचा माग आहे. हे कळल्यावर काका मला सोडेनात.

एका शनिवारी आम्ही तिघं एसटीने येवल्याला गेलो. विंचूरच्या पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत गाडी अडकली, तेवढ्या वेळात काकांनी कंडक्टरला आखूड माप समजावलं. मामाने आमचं चांगलं स्वागत केलं. काकांनी पिशवीतून तार काढली आणि विचारलं, हिच्यावर रेशीम गुंडाळायचं तर पीळ कोणत्या बाजूने द्यावा.

मामाने तार हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "हे विजेचं काम दिसतं," तो म्हणाला. "आपल्याला यातलं काय माहीत नाय. पाव्हणं, पदर दाखवू का? मोराचा हे, मुनियाचा हे."

"पण तुम्ही रोज रेशमाचा ताण सांभाळता," काका म्हणाले.

"सांभाळतो ना. साडीचा सांभाळतो. काकू, हा जांभळा बघा, तुमच्या रंगाला लय खुलंल."

काकांनी अजून तीन वेगवेगळ्या रीतींनी तोच प्रश्न विचारला. मामाने तीनदा वेगवेगळा पदर उलगडला. परतीच्या गाडीत काकांच्या पिशवीत तीच तार होती आणि काकूंच्या पिशवीत जांभळी पैठणी. काकू म्हणाल्या, "या तारांमुळे पहिल्यांदा काहीतरी घरात आलं."

इंटरनेटवर बेस वाजवणाऱ्यांचा एक परदेशी कट्टा होता, काका त्यात शिरले. तिथे गोल वेष्टणाच्या तारा चांगल्या की चपट्या वेष्टणाच्या, म्हणजे वर गुंडाळलेली तार गोल हवी की चपटी, यावरून दोन तट होते. काका चपट्यांच्या बाजूने गेले, कारण त्या बोटांना घासत नाहीत आणि वर्षानुवर्षं टिकतात. कोण्या अमेरिकन माणसाने त्यांना उद्देशून काहीतरी अपमानास्पद लिहिलं. काकांनी त्याला 'रिस्पेक्टेड सर' अशी सुरुवात करून इतकं लांब उत्तर लिहिलं की तो माणूस नंतर त्या कट्ट्यावर दिसला नाही. काकूंना याचं विशेष वाटलं नाही. "मला बघायला आले होते," त्या मला म्हणाल्या, "तेव्हा पोहे संपायच्या आत होकार दिला. काही विचारलं नाही, काही मोजलं नाही."

शेवटी काकांचा पुतण्या परदेशातून आला आणि येताना तारा घेऊन आला. चपट्या वेष्टणाच्या, आखूड मापाच्या, जाड तार जरा जास्त जाड. काकांनी पाकीट उघडण्याआधी हात धुतले. प्रत्येक तार चढवली, टेप लावला. रेशमी वेष्टण बरोबर गिटारीच्या मानेच्या पलीकडे, खुंटीच्या अलीकडे सुरू होत होतं. त्यांनी टेप गुंडाळून ठेवला. मग एकेक तार छेडत बसले. तार छेडायची, ऐकायची, पुढची छेडायची. त्यांचं घरचं वाजवणं म्हणजे एवढंच असे.

काका आमच्या कॉलनीच्या हौशी वाद्यवृंदात होते हे सांगायला हवं. मीही होते, गाता येतं असं मी एकदा बोलून गेले होते. अध्यक्ष हे निवृत्त बँक मॅनेजर. ते गात नसत, वाजवत नसत, निवेदन करत. दोन गाण्यांच्या मध्ये ते इतकं बोलत की वादकांना चहा पिता येई. तालमी एकांच्या दिवाणखान्यात, माइकशिवाय. तिथे वीज न जोडलेल्या बेसचा आवाज पंख्याखाली बुडून जाई. कार्यक्रम वर्षातून दोन, बागेतली दिवाळी पहाट आणि गुढीपाडवा. भूपाळीला बेस गिटार कशाला, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता, पण तालमीचा चहा काकूंकडून यायचा.

नव्या तारा लावून काका दिवाळी पहाटेला बसले. काळी टोपी, कडक झब्बा, मांडीवर बेस. मी त्यांच्या शेजारी उभी राहून गायले. कार्यक्रम संपला आणि फराळाच्या टेबलापाशी काकांनी लोकांना विचारायला सुरुवात केली, "तारा नव्या आहेत. फरक जाणवला का?"

सगळ्यांना जाणवला होता. जोशी डॉक्टर म्हणाले, काय गोलाई होती. त्यांच्या सौ. म्हणाल्या, छातीत घुमत होतं. अध्यक्ष म्हणाले, "जमीन-अस्मानाचा फरक. आज तुमच्यामुळे कार्यक्रमाला खोली आली." काकांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी मलाही विचारलं. मी म्हणाले, मी गाण्याचे शब्द आठवत होते, माझं लक्ष नव्हतं. ते म्हणाले, "हे उत्तर ग्राह्य आहे."

मग ते आपली वायर गुंडाळायला गेले. काका वायर हाताच्या कोपराभोवती गुंडाळत नसत, त्याने आतला तांबा पिळतो म्हणून. ते जमिनीवर बसून सैल वेटोळी घालत पुढे सरकत. असे सरकत सरकत ते साउंडवाल्याच्या टेबलाखाली पोचले. वायरचं दुसरं टोक तिथे गवतात पडलं होतं, प्लॅस्टिकची टोपी घातलेलं. मशीनला ते जोडलेलंच नव्हतं.

"हे कधी निघालं?" काकांनी विचारलं.

साउंडवाला स्पीकर टेम्पोत चढवत होता. "निघालं नाय काका. लावलंच नव्हतं. अध्यक्ष साहेब बोलले ना, ती वायर राहू दे म्हणून. दरवेळेसच राहू देतो."

काका तिथेच गवतावर बसून राहिले. काकू आणि मी गेलो तेव्हा ते वायरची टोपी काढून परत घालत होते. म्हणाले, "टोपी तरी घातली होती. धूळ गेली नाही आत."

दुसरा कोणी असता तर घरी जाऊन बसला असता. काका लक्ष्मीपूजनापासून भाऊबिजेपर्यंत घरोघरी गेले. लोकांना वाटलं फराळाला आले. काका खुर्चीत बसून शांतपणे विचारत, "परवा तुम्हाला बेस ऐकू आली, तर नेमकी कुठे ऐकू आली? कोणत्या गाण्यात?" डॉक्टर म्हणाले, त्या नाट्यगीतात. काका म्हणाले, वायर जोडलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, मग अभंगात असेल. त्यांच्या सौ. म्हणाल्या, छातीत घुमत होतं हे मात्र खरं, पण ते कदाचित ॲसिडिटीचं असेल. एका घरी काकांना सांगण्यात आलं की काही आवाज कानांनी ऐकायचे नसतातच. काका अडून बसायचे नाहीत. उठताना 'ठीक आहे' म्हणायचे.

शेवटी ते काकूंसमोर बसले. "तुला ऐकू आली?"

"नाही."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलं तारांबद्दल. तारा चकचकीत होत्या. गिटारीबद्दल तुम्ही मला कधी विचारलंच नाहीत."

वाद्यवृंदाची बैठक बोलवावी लागली. अध्यक्षांनी 'सांघिक समतोल' या विषयावर बोलायला सुरुवात केली. काकांनी मध्येच विचारलं, "वायर का नाही लावली?" अध्यक्ष म्हणाले, अहो, बागेत आवाज घुमतो. काका म्हणाले, घुमतो हे कळायला आधी लावावी लागते. तबलजी म्हणाले, बरोबर आहे यांचं, वादक स्टेजवर बसतो तर वायर लागलीच पाहिजे. ठराव झाला. गुढीपाडव्याला बेस जोडायची.

पाडव्याला बेस जोडली.

पहिलं गाणं माझं होतं. पेटी सुरू झाली, तबला आला, आणि मग स्पीकरमधून एक भलामोठा स्वर आला. स्वर सुंदर होता, गोल, भरीव, शेवटपर्यंत टिकणारा. तारांबद्दल काका म्हणत होते ते सगळं खरं होतं. फक्त तो स्वर चुकीचा होता आणि समेच्या बराच नंतर आला. मग दुसरा आला, तोही मागून. तबलजी मान वळवून बघू लागले. मी माझी ओळ चुकले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी आपल्या नातवाला जवळ ओढून घेतलं. काका वाजवत होते, आणि मी शेजारून पाहत होते की ते ऐकतही होते. इतकी वर्षं तारा निवडल्या, मोजल्या, लावल्या, पण गाण्याबरोबर वाजवलेलं स्वतःला मोठ्याने ऐकायची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती.

दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात त्यांनी तळवा तारांवर ठेवला. आवाज बंद झाला. ते उठले, वायर स्वतः काढली, टोकाला टोपी घातली, आणि खाली उतरून काकूंच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. उरलेला कार्यक्रम त्यांनी तिथून ऐकला. अध्यक्ष निवेदनात म्हणाले की तांत्रिक कारणामुळे बेस थांबली आहे. काका खुर्चीतून मोठ्याने म्हणाले, "तांत्रिक नाही." एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी भाडं द्यायला खाली गेले तर दिवाणखान्यात बेस भिंतीला टेकवलेली होती आणि तिच्या मानेला लाल चिठ्ठी होती. नापास. कारण: वादक.

मला वाटलं संपलं. तबलजींना वाटलं, अध्यक्षांना तर फारच वाटलं. त्यांनी काकांच्या सेवेबद्दल शाल द्यायचं ठरवलं. काकांनी शाल परत पाठवली. त्यांनी चौकशी करून नाशिकरोडला एका बाईंचं घर शोधून काढलं. त्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या, चर्चच्या कॉयरमध्ये बेस वाजवणाऱ्या. वयाने काकांहून लहान, पण काका त्यांना 'मिस' म्हणत. आठवड्यातून दोनदा काका पाठीवर गिटार घेऊन सिटी बसने जात. पहिल्या दिवशी त्यांनी मिसना तारांविषयी सांगायला सुरुवात केली. मिस म्हणाल्या, "काका, तारा छान आहेत. त्यांचं काम त्या करतायत." आणि त्यांना नुसत्या टाळ्या वाजवायला लावल्या. पुढचे कित्येक दिवस काका घरात टाळ्या वाजवत फिरायचे. दूधवाल्याला वाटलं घरात आरती चालू आहे.

मग काकांनी बेसला जोडायला एक छोटा स्पीकर आणला आणि माझ्या खोलीच्या फरशीतून संध्याकाळी एक स्वर यायला लागला. धम्म, थांबणं, धम्म. चुकला की काका पहिल्यापासून सुरू करत. त्यात कंटाळा यावा असंच सगळं होतं, पण ते ऐकता ऐकता मी माझ्या वर्गातल्या मुलांच्या वह्या तपासायची आणि कधी कधी माझी लाल पेन्सिल त्याच ठेक्यात चालायची. त्या वर्षीच्या दिवाळी पहाटेला काका श्रोत्यांत बसले. कोणी विचारलं, वाजवत नाही का हल्ली, तर म्हणायचे, "वाजवतो. ऐकवत नाही."

त्याच काळात संगमनेरहून एका मुलीचा फोन आला. तिने आखूड बेस घेतली होती आणि तारांबद्दल तिला कोणीतरी काकांचा नंबर दिला होता. मी समोर बसले होते. आता दुपार जाणार, असं समजून काकूंनी गॅस बंद केला. काका म्हणाले, "आखूड मापाच्याच घे. कापायला लागतील त्या घेऊ नकोस. जरा जाड घे. बाकी वाजवून बघ." आणि फोन ठेवला. काकूंनी गॅस परत लावला.

पुढच्या दिवाळी पहाटेला ते एका गाण्यापुरते स्टेजवर आले. अध्यक्षांची हरकत होती, पण या वेळी तबलजींनीच आग्रह धरला. ते अधूनमधून काकांकडे तालमीला येऊन बसत होते. साउंडवाल्याने वायर लावली. काकांनी जाऊन बघितली नाही. अभंग होता, मी गात होते. काका समेवर यायचे, मध्ये एकदा, परत समेवर. जास्तीचं काही नाही. मला इतकंच कळलं की मी आलाप जरा लांब घेतला तरी पाय जमिनीवर आहेत असं वाटत होतं. गाणं संपलं, ते उठून खाली गेले.

फराळाच्या टेबलापाशी काका ताटली घेऊन उभे होते. माझ्या गाण्याबद्दल लोक बोलले, तबल्याबद्दल बोलले, शेव जरा तिखट आहे असंही बोलले. डॉक्टर काकांशेजारी उभे राहून जागेच्या भावाबद्दल बोलत होते. बेसबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. काकांनीही कोणाला काही विचारलं नाही. तेवढ्यात अध्यक्ष आले, अंगावर नवी शाल.

"आज त्या अभंगाला काय भरीव आवाज होता," ते काकांना म्हणाले. "साउंडवाल्याने स्पीकर नवीन आणलेत वाटतं?"

काकू बोलायला पुढे झाल्या. काकांनी आपली ताटली त्यांच्या हातात दिली.

"असतील," ते म्हणाले. "चांगले आहेत." आणि वाकून त्यांनी डब्यातली आणखी एक चकली उचलली.